मदत हवी आहे: १९६६ चा अली की १९८८ चा टायसन?

मित्रांनो, जरा मदत करा, बॉक्सिंगमध्ये मुहम्मद अली आणि माइक टायसन समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं, यावर भावाशी वाद सुरूय आणि मिटतच नाहीये. तो म्हणतो टायसनने जून १९८८ मध्ये स्पिंक्सला ९१ सेकंदात झोपवला, त्या टायसनपुढे कोणीच टिकणार नाही. माझं म्हणणं, क्लीव्हलँड विल्यम्सला तीन राउंडमध्ये संपवणारा १९६६ चा अली त्याच्या हातीच लागला नसता, उंची जास्त, पाय सतत हलते आणि जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) तर विचारूच नका, आणि उंच माणसाच्या जॅबपुढे टायसनचं काय होतं ते १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने दाखवलंच की (भाऊ म्हणतो तो टायसन प्राइममधला, म्हणजे ऐन भरातला, नव्हताच, सोयीस्कर आहे!).

पण एक गोष्ट मलाही खटकते, ती म्हणजे लेफ्ट हुक, डाव्या हाताने बाजूने वळवून मारलेला ठोसा. १९६३ ला हेन्री कूपरने आणि १९७१ ला फ्रेझरने अलीला लेफ्ट हुकनेच खाली पाडलं होतं, आणि टायसनचा हुक तर त्याहून फास्ट.

तर जाणकारांनो, राउंड किती धरायचे, अलीच्या काळातले १५ की टायसनचे १२? आणि पहिल्या चार राउंडमध्ये अली त्या हुकपासून वाचला असता का? नुसतं नाव नको, कारण पण लिहा.