लुआजिट: एक लूप सुसाट, दुसरा रांगतोय

जॅकार्डवाला_सोलापूर: चादरीच्या डिझाइनमधले रंगाचे ठिपके मोजायची लुआ भाषेतली स्क्रिप्ट आहे, लुआजिटवर चालवतो. ओळींचा लूप पळतो, रंगांचा रांगतो. जिट, म्हणजे चालता चालता मशीन कोड बनवणारा भाग, नेमकं करतं काय?

बाइटकोड_काका: आधी इंटरप्रिटरच बाइटकोड (स्क्रिप्टपासून बनलेल्या छोट्या सूचना) एकेक करून, सावकाश चालवतो. लूपच्या फेऱ्या 56 च्या घरात गेल्या की पुढची फेरी रेकॉर्ड होते, तिचा मशीन कोड बनतो. त्यात जागोजागी पहारे: ‘हा आकडाच आहे ना?’ नसेल तर बाहेर पडून परत इंटरप्रिटर. तोच पहारा दहाएक वेळा मोडला की तिथून नवी फांदी कंपाइल होते. तुमच्या रंगांच्या लूपमध्ये आत फंक्शन बनवताय का?

जॅकार्डवाला_सोलापूर: हो, प्रत्येक रंगाला एक.

बाइटकोड_काका: मग तेच! फंक्शन बनवायची सूचना रेकॉर्डरला जमत नाही, तो काम सोडतो. पुन्हा पुन्हा सोडलं की लूप काळ्या यादीत, कायमचा इंटरप्रिटरवर. फंक्शन लूपबाहेर काढा.

धागादोरा: लुआजिटला ‘-जेव्ही’ (-jv) हा पर्याय लावून चालवा, कुठली ओळ अडते ते छापून येतं. आणि फाइलमधून आलेला रंगक्रमांक वाचतानाच टूनंबर (tonumber) या फंक्शनने आकडा करून ठेवा. कधी स्ट्रिंग (मजकूर), कधी आकडा आला की पहारे मोडत राहतात.