जेंटू लिनक्सवर गो भाषा १.२४ पूर्ण सोर्समधून: बूटस्ट्रॅप (जुन्या गोने नवा गो बांधणं) कुठे अडतं?

परभणीकर:
कॉलेजच्या लॅबसाठी लोकल ओव्हरलेमध्ये (स्वतःच्या पॅकेजांच्या साठ्यात) गो १.२४ चा इबिल्ड, म्हणजे पॅकेज बांधायची स्क्रिप्ट, लिहितोय. तयार बायनरी अजिबात नको. एसआरसी यूआरआयमध्ये (सोर्सच्या पत्त्यांच्या ओळीत) १.२२.६ आणि १.२४ असे दोन्ही सोर्स टारबॉल दिलेत. तरी गो बांधणारी स्क्रिप्ट ‘मेक.बॅश’ म्हणते, चालू स्थितीतला जुना गो सापडत नाही. त्यात दुपारी लाइट जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

गोदाकाठ:
दोन चुका आहेत. दोन्ही टारबॉल ‘गो’ याच नावाच्या फोल्डरात उघडतात, म्हणजे फायलींची सरमिसळ झाली. अनपॅकचा टप्पा स्वतः लिहा: जुना उघडा, फोल्डरचं नाव बदला, मगच नवा उघडा.
दुसरी मोठी. १.२२.६ चा सोर्स म्हणजे कंपायलर नव्हे, तोही आधी बांधावा लागतो. कंपायलर सी भाषेत असलेली शेवटची आवृत्ती १.४, म्हणून सुरुवात तिथून: १.४, १.१७.१३, १.२०.६, १.२२.६, मग १.२४. दर पायरीला ‘गोरूट_बूटस्ट्रॅप’मध्ये आधीच्या गोचा पत्ता द्या. १.४ बांधताना ‘सीगो_एनेबल्ड’ (सी कोड जोडायची सोय) शून्य ठेवा, नाहीतर नव्या जीसीसी या सी कंपायलरपुढे तो अडतो.

बालाघाट:
पाचही पायऱ्या एकाच इबिल्डात कोंबू नका. प्रत्येकीचं वेगळं पॅकेज करा आणि पुढच्याच्या बीडिपेंडमध्ये (बांधायला आधी काय लागतं त्या यादीत) मागचं लिहा. मग लाइट गेली तर चालू पायरीच वाया जाते, मागच्या इन्स्टॉल झालेल्या असतात. पोर्टेजची (जेंटूच्या पॅकेज व्यवस्थेची) टेम्प डिरेक्टरी रॅमवर असेल तर ती डिस्कवर आणा. चाचणी करताना पॅकेज बसवणाऱ्या नेहमीच्या ‘इमर्ज’ऐवजी ‘इबिल्ड’ कमांड वापरा, ती पूर्ण झालेले टप्पे पुन्हा करत नाही.

परभणीकर:
१.४ आणि १.१७.१३ झाले, आभार. शेवटच्या पॅकेजात जागा वाचवायला ‘एसआरसी’ फोल्डर काढू का?

गोदाकाठ:
नको! १.२० पासून स्टँडर्ड लायब्ररी तयार स्वरूपात येत नाही, लागेल तशी त्याच सोर्समधून कंपाइल होते. फोल्डर काढलात तर साधा ‘हॅलो वर्ल्ड’सुद्धा बांधता येणार नाही. रिस्ट्रिक्टमध्ये (पोर्टेजने काय करू नये त्या यादीत) ‘स्ट्रिप’ (बायनरी छाटणं) मात्र टाका, कारण त्या फोल्डरात चाचणीसाठी दुसऱ्या प्रोसेसरच्या बायनरी आहेत, त्यांना हात लागायला नको.

बालाघाट:
आणि हे सगळं एकाच मशीनवर करा. पोर्टेजच्या फीचर्स सेटिंगमध्ये ‘बिल्डपीकेजी’ लावलं की तुमचंच बांधलेलं पॅकेज लॅबच्या बाकी मशीनवर मिनिटभरात बसतं. फक्त त्यांचा प्रोसेसर आणि सीफ्लॅग्ज (कंपायलरला दिलेले पर्याय) जुळतात ना, तेवढं आधी बघा.