आदि-स्लाव्हिक *मेद्वेदि: मध खाणारा की मध जाणणारा?

प्रश्न:
अस्वलाला रशियनमध्ये ‘मेद्वेद’, चेकमध्ये ‘मेद्व्येद’ म्हणतात आणि या रूपांवरून *मेद्वेदि असा आदि-स्लाव्हिक (सर्व स्लाव्हिक भाषांच्या समान पूर्वज भाषेतला) शब्द सिद्ध केला जातो; तारांकन म्हणजे लेखी न आढळलेले, तुलनेने सिद्ध केलेले रूप. त्याचे पूर्वपद ‘मध’ असल्याबद्दल वाद नाही. मात्र उत्तरपदात मला आपला ‘विद्’ धातू दिसतो, कारण रशियनमध्ये ‘वेदात्’ म्हणजे जाणणे. तेव्हा ‘मध कोठे आहे हे जाणणारा’ असा अर्थ घेणे योग्य ठरेल काय?

प्रतिसाद १:
हा अर्थ मोहक आहे आणि स्वतः स्लाव्हिक भाषकांनाही तो सुचत आला आहे. परंतु ती लोकव्युत्पत्ती आहे, म्हणजे केवळ ध्वनिसाम्यावरून लोकांनी लावलेला अर्थ. सारा घोटाळा ‘व’ कोणाचा यावर आहे. तो जाणण्याचा नसून मधाचा आहे. ‘मधु’प्रमाणेच स्लाव्हिकमधला मधवाचक शब्द मुळात उकारान्त होता आणि पुढे स्वर आला की उकाराचा ‘व्’ होतो, म्हणजे आपला यण् संधीच. *मेदु आणि *एद् (खाणे, संस्कृत ‘अद्’) मिळून *मेद्व्-एद् झाले. संस्कृतात नेमका असाच ‘मध्वद्’ हा समास ऋग्वेदात (१.१६४.२२) आला आहे, गंमत अशी की तेथे तो पक्ष्यांना लावलेला आहे.

‘वेद्’ हे उत्तरपद असते तर मध्ये ‘ओ’ हा जोडस्वर अपेक्षित होता. रशियनमध्ये रॅटेल या प्राण्याला ‘मेदोयेद’ म्हणतात, तेथे तो दिसतो. अर्थ तोच, घडण मात्र नंतरची.

प्रश्नकर्ता:
‘व’चे पटले. पण मग दोन धातूंचे स्वर इतके सारखे कसे?

प्रतिसाद १:
‘जाणणे’मधला स्वर मूळच्या ‘ओइ’पासून आला, तर ‘खाणे’मधला मूळच्या दीर्घ ‘ए’पासून. आदि-स्लाव्हिकमध्ये हे दोन्ही एकाच स्वरात मिसळले, म्हणून आज कानाला भेद कळत नाही.

प्रतिसाद २:
अस्वलाचा जुना इंडो-युरोपीय शब्द संस्कृत ‘ऋक्ष’, ग्रीक ‘आर्क्तोस’ आणि लॅटिन ‘उर्सुस’ यांत टिकला, स्लाव्हिकमध्ये मात्र त्याचा मागमूस नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०६ मध्ये याचे कारण नामनिषेधात शोधले: हिंस्र प्राण्याचे खरे नाव घेतले की तो येतो, म्हणून त्याला आडवळणाच्या पर्यायी नावाने संबोधायचे. हे अनुमान बहुतेकांना मान्य असले तरी ते अनुमानच आहे, कारण त्या काळातील लेखी पुरावा असणे शक्य नाही.

प्रतिसाद ३:
एक भर घालतो. युक्रेनियनमध्ये व्यंजनांची अदलाबदल होऊन ‘वेद्मीद’ झाले, तर पोलिशमध्ये आरंभीच्या ‘म’चा ‘न’ होऊन ‘न्येज्व्येज’ झाले. शब्दातील ‘मध’ बोलणाऱ्यांना स्पष्ट जाणवत असता, तर त्याच्या पहिल्याच अक्षराची अशी मोडतोड सहजासहजी झाली नसती. युक्रेनियन रूपात तर ‘वेद्’ थेट आरंभीच येऊन बसला आहे, त्यामुळे आपल्याला पडलेला प्रश्न तेथे अधिकच स्वाभाविक वाटतो.