चर्चा: जुन्या चित्रपटांवर लिहिताना आयएमडीबी-विकिपीडियावर विसंबावं का?

सूचीकार
मूकपटांवर किंवा प्रभात फिल्म कंपनीच्या काळावर लिहिणारे बहुतेकजण आयएमडीबी नाहीतर विकिपीडिया उघडतात, तिथली तारीख आणि लांबी उचलतात नि मोकळे होतात. माझ्या मते ही दोन्ही ठिकाणं पत्ता विचारायला ठीक, साक्षीला उभी करायला नाहीत. साक्ष द्यायची ती त्या काळातल्या छापील कागदाने, आणि तो आता बराचसा घरबसल्या पाहता येतो.

दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा मूकपट 'राजा हरिश्चंद्र' घ्या. लांबी जागोजागी ४० मिनिटं दिलेली असते. चित्रपट होता ३७०० फुटांचा, चार रिळांचा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर मिनिटाला ९० फूट सरकतात आणि उत्तर येतं ४१ मिनिटं. पण २४ चा वेग पक्का झाला तो बोलपटामुळे, ध्वनीच्या गरजेपोटी. मूकपटाला १६ धरा, मिनिटाला ६० फूट, की तोच चित्रपट ६२ मिनिटांचा होतो. त्यात हँडल हाताने फिरवायचं, म्हणजे वेग चालवणाऱ्याच्या मनगटावर. म्हणून मूकपटाची लांबी फुटांतच लिहावी. मिनिटं द्यायचीच असतील तर कोणता वेग धरला ते शेजारी लिहावं.

तारखेचंही तसंच. २१ एप्रिल १९१३ ला मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला, ३ मे रोजी गिरगावात कॉरोनेशन थिएटरला तो लोकांसाठी लागला. लिहिणारा सूचीतली एक तारीख उचलतो, आणि ती कोणत्या खेळाची हे वाचकाला कळतच नाही.

तिकीटखिडकी
लांबीचा मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य. 'छापील कागद घरबसल्या दिसतो' म्हणजे कोणता कागद दिसतो? इंग्रजी. मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी या संकेतस्थळावर 'फिल्मइंडिया'चे अंक आहेत, तिथल्याच 'लँटर्न' या शोधसाधनातून ते शोधता येतात, उत्तम. पण ते १९३५ साली निघालेलं मासिक, आणि त्यात संपादक बाबूराव पटेलांचे राग-लोभ पानोपानी. त्यावरून 'प्रेक्षकांनी चित्रपट कसा स्वीकारला' हे लिहिणं म्हणजे एका माणसाच्या तोंडून गावाची हकीकत ऐकणं.

मराठी छापील मजकूर शोधात सापडतच नाही. स्कॅन केलेली पुस्तकं ठेवणाऱ्या आर्काइव्ह डॉट ऑर्गवर बरीच वर्षं देवनागरीची अक्षरओळख (ओसीआर) नव्हती. तेव्हा चढवलेल्या कित्येक मराठी पुस्तकांची नुसती चित्रं आहेत, आत शोधण्याजोगा मजकूर नाही. फाळक्यांनी स्वतः 'नवयुग' मासिकात १९१७-१८ मध्ये भारतीय चित्रपटावर लेख लिहिले, तेसुद्धा इंग्रजी शोधपेटीत टंकून हाती लागायचे नाहीत. मग लोक लिहितात, 'याविषयी समकालीन मराठी उल्लेख आढळत नाही'. अहो, आढळत नाही तो तुमच्या शोधपेटीला! त्यापेक्षा ज्यांनी मराठी अंक हाताने चाळून सूची केल्या, त्यांच्यावर उभे असलेले संग्रह परवडले.

सूचीकार
@तिकीटखिडकी, शोधपेटी आंधळी आहे हे खरं. पण तिला वळण लावता येतं.

नाव एकाच वर्णविन्यासाने शोधू नका. 'हरिश्चंद्र'च रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी छापलेला आहे, 'पुंडलिक'वाल्या दादासाहेब तोरण्यांच्या आडनावाचंही तेच. स्तंभाच्या कडेला नाव तुटलं की यंत्राला 'शांता' आणि 'राम' असे दोन शब्द दिसतात, म्हणून नुसता अर्धा शब्द किंवा कंपनीचं नाव टाकून पाहावं. वर्षाची मर्यादा सुरुवातीला सैल ठेवावी, कारण अख्ख्या वर्षाचे अंक एकाच फाइलमध्ये बांधलेले असतात.

मराठी पुस्तकांसाठी वेगळी युक्ती. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियामधून आर्काइव्हवर आलेल्या प्रतींची शीर्षकं विचित्र रोमन लिपीत असतात, स्वर दुप्पट, 'श' कुठे कसा तर कुठे कसा. शीर्षकातला एखादा साधा, न बिघडणारा शब्द टाका, भाषा मराठी निवडा आणि यादी डोळ्यांनी चाळा. प्रकाशनवर्षावर तर मुळीच विश्वास नको, मुखपृष्ठामागचं पान उघडून पाहा.

नायट्रेट
तुम्ही दोघंही कागदावरच अडकलात. चित्रपट पाहा की! इंडियनसिने डॉट एमए या संकेतस्थळावर जुने चित्रपट क्षणाक्षणाच्या टिपणांसकट पाहता येतात. मात्र एक सावधगिरी. तिथल्या माहितीचा मूळ पाया राजाध्यक्ष-विलेमेन यांचा भारतीय चित्रपटांचा १९९४ चा कोश आहे, विकिपीडियाही बऱ्याचदा त्याच कोशाचा हवाला देतो. तीन संकेतस्थळांवर एकच तारीख मिळाली म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असं होत नाही.

यूट्यूबवरची प्रत असेल तर आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र थांबवून वाचा. १९४१ च्या चित्रपटावर केंद्रीय मंडळाचं प्रमाणपत्र दिसलं, तर ती पुनःप्रदर्शनाची प्रत आहे. केंद्रीय मंडळच मुळी १९५१ चं, त्याआधी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी प्रांतोप्रांतीची मंडळं होती. त्यावरची लांबी त्या प्रतीची, मूळ चित्रपटाची असेलच असं नाही. मीटरमध्ये असेल तर २७.४ ने भागा (बोलपटाचे मिनिटाला ९० फूट म्हणजे तेवढे मीटर), मिनिटं मिळतील.

तिकीटखिडकी
आणि चित्रपट पाहून तरी काय सिद्ध होतं? 'राजा हरिश्चंद्र' म्हणून आज जी पहिली आणि शेवटची रिळं दाखवली जातात, ती १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असं काही अभ्यासकांचं मत आहे. फीत बघून १९१३ बद्दल लिहिणारा इथेच घसरतो.

नायट्रेट
घसरतो, कारण त्याने प्रतीचा इतिहास विचारला नाही. तो प्रश्न फितीला विचारा, कागदाला विचारा, विचारावाच लागतो.

दोन भाषांत काढलेल्या चित्रपटांचं सांगतो, तिथे तर फीत पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रभातचा 'शेजारी' आणि हिंदी 'पडोसी', दोन्ही १९४१. मराठीत केशवराव दाते, हिंदीत मझहर खान, गजानन जागीरदार दोन्हींकडे. सूचीत दोन्ही आवृत्त्या एकाच नोंदीत कोंबल्या की दाते हिंदीत जाऊन बसतात. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने'मध्ये मुख्य नट तेच असल्याने ही चूक लक्षातही येत नाही. दोन वेगळ्या नोंदी, दोन वेगळ्या श्रेयनामावल्या, आणि प्रत्येक नाव पडद्यावरून उतरवलेलं, एवढं तरी हवं.

छोटा पडदा
टीव्हीवाल्यांची अवस्था याहून बिकट, म्हणून मधेच बोलतो. बीबीसीचा 'जिनोम' प्रकल्प पाहा, 'रेडिओ टाइम्स'मधल्या १९२३ ते २००९ च्या कार्यक्रमपत्रिका शोधता येतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आपल्याला मात्र रोजचे कार्यक्रम वर्तमानपत्रातल्या चौकटींतून वेचावे लागतात. आणि ती चौकट ठरलेला कार्यक्रम सांगते, दाखवलेला नव्हे. थोर माणूस गेला की कार्यक्रम रद्द, छापलेली चौकट तशीच. दुसऱ्या दिवशीचा अंकही उघडा.

सूचीकार
@छोटा पडदा, हे 'फिल्मइंडिया'तल्या जाहिरातींनाही लागू. 'लवकरच येत आहे' म्हणजे चित्रपट आला असं नव्हे.

@तिकीटखिडकी, सूची हाताने करणाऱ्यांबद्दल आदर आहेच, पण त्यांनी कोणता अंक पाहिला हे नोंदीत नसेल तर माझ्या दृष्टीने ती ऐकीव माहिती.

तिकीटखिडकी
मग तुमच्या स्कॅनवाल्यांनाही तोच नियम लावा. 'आर्काइव्ह, पान एन१४३' असा हवाला सर्रास दिला जातो. तो स्कॅनचा क्रमांक, अंकाचा नव्हे. बांधीव फाइलमध्ये बारा महिने एकापाठोपाठ असतात, जाहिरातींच्या पानांवर आकडाच नसतो, आणि फाइल उद्या हलली तर एन१४३ कुठे शोधायचं? महिना, वर्ष, छापील पान, आणि पानाला आकडा नसेल तर 'अमुक पानासमोर'. हे लिहिणार असाल तर तुमचा कागद मला चालेल.

सूचीकार
लिहितो. 'अमुक पानासमोर' ही सोय आवडली.