सोनीपतचा धडा

हिवताप रोखण्यासाठी मुंबईत प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास सोडायचे झाल्यास ‘नर डास चावत नाहीत, एवढे सांगितले की लोकांची भीती जाईल’ हे आपले मत मला अपुरे वाटते. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हरियाणातील सोनीपत येथे वंध्य नर डास (ज्यांच्याशी मीलन झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत) सोडण्याचा प्रकल्प १९७५ साली गुंडाळावा लागला, तो जैविक युद्धाच्या संशयामुळे. आणि तो संशय दूर होईल इतका मोकळा संवाद वेळेवर झाला नव्हता. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातल्या बाना गावात २०१९ साली जनुकीय बदल केलेले नर डास सोडण्यापूर्वी गावकऱ्यांशी काही वर्षे बोलणी चालली होती, तरीही २०२५ मध्ये तेथील सरकारने तो प्रकल्प थांबवला. मुंबईत हिवतापाचा डास गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो. त्या तपासायला येणाऱ्या पालिका कर्मचाऱ्यांनाच रहिवासी प्रथम प्रश्न विचारतील, म्हणून सोडल्या जाणाऱ्या डासांची माहिती आधी त्या कर्मचाऱ्यांना द्यायला हवी.