एकाच खोलीत स्वीडिश, डीप टिश्यू आणि थाई मसाज: मांडणी कशी ठेवावी?

प्रश्न
खोली १० बाय १२ फुटांची, एक खिडकी, छताला मधोमध ट्यूबलाइट. स्वीडिश, डीप टिश्यू आणि थाई हे तिन्ही प्रकार इथेच द्यायचे आहेत. तापमान, उजेड, वास, टेबलाची उंची यांत प्रकारागणिक किती फरक पडतो? की एकदा खोली नीट लावली की तिन्हींना चालते?

उत्तर १
एक मांडणी तिन्हींना चालत नाही. माणूस उघड्या अंगाने पडणार की कपड्यांत, आणि तेल लागणार का, यावर बाकी सगळं ठरतं.

स्वीडिशमध्ये तेल लावलेली त्वचा झपाट्याने गार पडते, म्हणून खोली २४ ते २६ अंश हवी. पंख्याचा किंवा एसीचा झोत अंगावर येता कामा नये. झोत लागला की खांदे आक्रसतात आणि पहिली दहा मिनिटं वाया जातात. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. पूर्ण अंगाला २० ते ३० मिली तेल पुरतं. ते तळहातावर घेऊन कोमट करा, थेट पाठीवर ओतू नका.

डीप टिश्यूला, म्हणजे स्नायूंत खोलवर दाब देण्याच्या मसाजला, तेल अगदी थोडं. जास्त झालं की कोपर आणि मनगटामागचा भाग घसरतो, स्नायूत शिरत नाही, आणि मग करणारा नुसताच जोर लावत बसतो. टेबलही खाली घ्या. स्वीडिशसाठी ताठ उभं राहून हात सोडल्यावर मुठीची हाडं टेबलाला टेकतील एवढी उंची ठीक. डीप टिश्यूसाठी त्याहून साधारण ५ सेंमी कमी, म्हणजे दाब खांद्यातून न येता शरीराच्या वजनातून येतो. समोरच्याने श्वास रोखला तर दाब लगेच कमी करा. दुखतंय तिथे तो अंग आवळून धरतो आणि आत जाता येत नाही.

थाई जमिनीवर, सैल कपड्यांत, तेलाशिवाय. गादी साधारण २ बाय १.५ मीटर आणि घट्ट हवी. मऊ असली तर दाब गादीतच मुरतो, शिवाय करणाऱ्याचे गुडघेही जातात. भोवती फिरायला आणि पाय ताणायला जागा लागते, त्यामुळे तुमच्या खोलीत टेबल घडीचंच घ्या. इथे करणाराही घामाघूम होतो, म्हणून २२ ते २४ अंश पुरे.

ट्यूबलाइट तिन्हींसाठी चूक. उताणं झोपलेल्या माणसाच्या ती थेट डोळ्यांत येते. कमरेच्या उंचीखाली पिवळसर दिवा ठेवा, २७०० केल्विनचा, मंद करता येणारा.

उत्तर २
वासाबद्दल. मिश्रणात सुगंधी तेल २ टक्क्यांहून जास्त नको: ३० मिली साध्या तेलात साधारण १२ थेंब. डिफ्यूझर (हवेत सुगंध पसरवणारं उपकरण) माणूस येण्याआधी दहा मिनिटं लावून बंद करा. बंद खोलीत तासभर चालू राहिला तर डोकं दुखतं आणि पुढच्या माणसाला मागच्याचा वास सोसावा लागतो. सर्वांना चालेल असं बिनवासाचं तेल नेहमी हाताशी ठेवा.

‘खोलीला कुबट वास येतो’ ही तक्रार बहुतेक वेळा टॉवेलांमुळे असते. तेल धाग्यांत राहतं आणि खवट होतं. साबण जास्त घालून फरक पडत नाही. ६० अंशांच्या पाण्यात धुवा. ड्रायर वापरत असाल तर गरम टॉवेल घड्या घालून रचून ठेवू नका. उरलेलं तेल आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं.

प्रश्नकर्ता
तिन्ही एकाच दिवशी असतील तर क्रम कोणता ठेवू?

उत्तर १
थाई आधी. तेलाचे थेंब फरशीवर पडले की त्यावर उभं राहून कुणाला ताणणं धोक्याचं, आणि गादीत तेल मुरलं की निघत नाही. मग स्वीडिश, शेवटी डीप टिश्यू. यात हात सर्वाधिक थकतात. प्रत्येकामध्ये अर्धा तास मोकळा ठेवा: खिडकी उघडणं, फरशी पुसणं, टेबल लावणं किंवा उंची बदलणं यात तो सहज जातो.

उत्तर ३
खोली कितीही छान असली तरी ताप असेल, किंवा एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल, तर मसाज करायचा नाही; ती रक्ताची गाठ असू शकते, डॉक्टरांकडे पाठवा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डीप टिश्यू नको. आणि संपल्यावर माणसाला लगेच उभं करू नका. कुशीवर वळवून मिनिटभर बसवा, नाहीतर चक्कर येते.