शेतातील माती आणि आखातातील गाळ: सूत्रकृमींची तुलना कशी करावी?

प्रश्न:
नमस्कार. वडोदऱ्याजवळच्या शेतातील काळी माती आणि खंभातच्या आखातातील गाळ यांतील सूत्रकृमींच्या (नेमाटोड, म्हणजे धाग्यासारखे सूक्ष्म कृमी) विविधतेची तुलना मला पदव्युत्तर प्रकल्पासाठी करायची आहे. दोन्ही नमुन्यांतून कृमी वेगळे करण्यासाठी बेअरमन नरसाळे (पाण्याने भरलेले नरसाळे) चालेल का?

उत्तर:
मातीसाठी चालेल, गाळासाठी मी ते वापरणार नाही. नरसाळ्यात कृमी स्वतः हालचाल करून पाण्यात उतरतात, त्यामुळे मंद किंवा मेलेले कृमी मोजणीतून सुटतात; म्हणून फॉर्मॅलिनमध्ये जतन केलेला गाळ बारीक चाळणीत धुऊन, लुडॉक्ससारख्या दाट द्रावणात कृमी तरंगवून वेगळे करावेत. पद्धती भिन्न असल्यास संख्यांची थेट तुलना करू नये.

दुसरे उत्तर:
केवळ प्रजाती मोजू नका, मुखाची रचनाही पाहा. खरी समृद्धी तिथेच दिसते. शास्त्रज्ञ वीझर यांनी १९५३ मध्ये सागरी सूत्रकृमींचे मुखरचनेवरून चार आहारगट केले, तर मातीत वनस्पतिभक्षक, बुरशीभक्षक, जिवाणूभक्षक, परभक्षी असे गट धरतात. डोरिलायमिडा हा सूत्रकृमींचा गण मातीत विपुल आहे, समुद्रात मात्र जवळजवळ नाहीच.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो, म्हणून थोडा गाळ अल्कोहोलमध्येही ठेवीन.